बाबांना पुस्तक पटेना

परीक्षा बाबांची होती आणि जीव माझा चालला होता.

बाबा इस्टेट एजंट. साठी केव्हाच ओलांडली. आयुष्यभर लोकांना जागा दाखवल्या, विकल्या, भाड्यानं दिल्या. आमची शिक्षणं, लग्नं सगळी त्यातून झाली. आणि आता नियम आला, की हे काम करायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्यायचा. जुना असो नाहीतर नवा, सगळ्यांना एकच माप. उन्हाळा संपेपर्यंत परवाना हातात नसेल तर दुकानाची पाटी उतरवायची. दुकान म्हणजे एक खोली. एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या परक्या घरांच्या किल्ल्या. पण बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जातात आणि आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या जाण्यावर उभं आहे.

"तूच बघ बाई आता ह्यांचं," आईनं फोनवर सांगितलं. "हे घरात बसले तर मी घर सोडून जाईन. रविवारचा एक दिवस असतात, तर फ्रिज उघडून मला सांगतात कुठली बरणी कुठे ठेवावी. रोजचं झालं तर मला वेड लागेल."

मग परदेशातून धाकट्या भावाचा फोन. त्याला मित्रांमध्ये 'आमचे बाबा अजून काम करतात' असं सांगायची फार हौस. "ताई, अभ्यासाचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?" तो म्हणाला. आमच्या घरात कुणाच्या गळ्यात काम मारायचं तर आधी असं एक वाक्य टाकतात. माझ्या नवऱ्यानंही आपल्या परीनं सूचना केली, "तूच दे ना परीक्षा. वाचायचं तर शेवटी तुलाच आहे." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो मुकाट्यानं कपडे वाळत घालायला गेला.

भावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवते. इतकी वर्षं पोरं बघून माझं एक मत पक्कं झालंय, की पोर ढ नसतं, त्याच्या हातात चुकीचं पुस्तक असतं. एखाद्याला नकाशे लागतात, एखाद्याला प्रश्नोत्तरं, एखाद्याला मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. ज्याचं त्याला मिळालं की गाडी रुळावर येते. स्टाफरूममध्ये ह्या मतावरून माझी टिंगलही होते, पण माझा वर्ग पास होतो. तेव्हा बाबांना लागेल ते पुस्तक शोधून काढायचं, एवढंच काम आहे असं मी धरून चालले. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग टेबलावर पडलेला, घरी पाहुणे, त्यात हे. पण मी पदर खोचला.

पहिलं आणलं ते जाडजूड गाईड. सगळ्यांत नावाजलेलं. आधी मी स्वतः चाळलं. मालकी हक्क, करार, ताबा, भाडेकरूचे हक्क, एजंटाची कर्तव्यं, सगळं होतं. शाळा सुटल्यावर ते घेऊन दुकानात गेले. बाबांनी ते हातात घेतलं, वजन पाहिलं, कव्हरवर बोटानं टकटक केली, मध्येच उघडून पान उजेडाकडे धरलं.

"जागा भरपूर आहे," ते म्हणाले. "पण उजेड नाही."

"बाबा, ते पुस्तक आहे."

"तेच म्हणतोय मी. एवढ्या बारीक अक्षरात माणूस आत शिरला तर बाहेर कधी यायचा?"

अक्षर बारीक होतं हे खरं. मला स्वतःला चष्मा लावूनही त्रास झाला होता. म्हणून मी दुसरं आणलं, मोठ्या टायपातलं, सुटसुटीत, प्रत्येक धड्याच्या शेवटी चौकटीत सार दिलेलं. बाबांनी तेही असंच उलटून पालटून पाहिलं. "टापटीप आहे," ते म्हणाले. "पण आत वळायला जागा नाही. एक मुद्दा कळतोय कळतोय म्हणेपर्यंत भिंत येते." ह्यातही तथ्य होतं, म्हणूनच मला राग येईना. पुस्तक खरोखरच फार त्रोटक होतं.

मग भावानं परदेशातून ठरावीक मुदतीचा व्हिडिओंचा कोर्स पाठवला. मी बाबांच्या फोनवर तो सुरू करून दिला, आवाज वाढवून दिला, चष्मा पुसून दिला. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "बरा आहे तो मुलगा, बोलतो गोड. पण हे भाड्याचं प्रकरण आहे. मुदत संपली की आपलं सामान रस्त्यावर." मी म्हटलं, मुदत संपायच्या आत बघून टाका. तर म्हणाले, भाड्याच्या घरात मला झोप लागत नाही.

आई तिकडून रोज विचारायची, "झालं का ह्यांचं पुस्तक?" मुलीचं लग्न जमत नसावं तसा तिचा सूर. मीही तशीच चपला झिजवत होते. पुस्तकांचा दुकानदार मला ओळखायला लागला होता. मी दिसले की तो स्टुलावर चढायचा आणि वरच्या फळीवरून आणखी काहीतरी काढायचा. त्याची समजूत झाली होती की परीक्षा माझीच आहे, आणि मी काही कच्ची विद्यार्थिनी दिसत नाही, तरी एवढी घाबरते का. "मॅडम, काळजी करू नका," तो एकदा हळूच म्हणाला, "पहिल्या फटक्यात नाही निघालात तर दुसऱ्या वेळेला निघाल." मी सांगायला गेले नाही. सांगायचेही कष्ट असतात.

एव्हाना मी एवढं वाचलं होतं, की वर्गात नद्यांची खोरी शिकवताना मध्येच तोंडातून 'ताबा' शब्द निघाला. पोरं हसली. मीही हसले, पण घरी आल्यावर भाजी चिरताचिरता मला रडू आलं. कारण असं काही नव्हतंच. नुसता थकवा होता.

प्रश्नसंच आणला त्या रविवारी आईकडे जाऊन मी स्वतः त्यांच्यासमोर बसले. जेवणाच्या टेबलावर आई एका बाजूला शेंगा सोलत होती, म्हणजे खरं तर पहारा देत होती. मी पहिलाच प्रश्न मोठ्यानं वाचला. "खरेदीदारानं घरातल्या दोषांविषयी विचारल्यास एजंटानं काय करावं?"

"कुणी विचारलं?" बाबा म्हणाले.

"खरेदीदारानं."

"हो, पण नवऱ्यानं का बायकोनं?"

"बाबा, इथे नवरा-बायको नाहीत. चार पर्याय आहेत."

"असं कसं? नवरा ओल कुठे आहे विचारतो तेव्हा त्याला भाव पाडायचा असतो. बायको विचारते तेव्हा तिला तिथे राहायचं असतं. तिला मी हाताला धरून ओल दाखवतो. म्हणतो, ताई, ही बघा, पावसाळ्यात इथून येते, आत्ताच करून घ्या. ती घर घेते. नवऱ्याला मी म्हणतो, तुम्हीच शोधा."

आई शेंगा सोलताना हसली. मी हसले नाही. "बरोबर उत्तर, सर्व ज्ञात दोष लेखी कळवावेत," मी म्हणाले.

"मग लिही ते."

"तुम्ही लिहायचंय."

"हो, हो. लिहितो की," बाबा म्हणाले, आणि पेन्सिल नीट टोकदार करत बसले. त्यांनी पेन्सिलीला एवढं सुबक टोक काढलं, की वही तशीच राहिली. दुसऱ्या प्रश्नाला त्यांना एका जुन्या भाडेकरूची गोष्ट आठवली, तिसऱ्याला त्या भाडेकरूच्या सासूची. तासाभरानं आईनं सोललेल्या शेंगा उचलल्या आणि जाताना माझ्याकडे अशी एक नजर टाकली, की हे बघ, हे असं मला रोज मिळणार आहे.

प्रश्नसंचाबद्दल त्यांचा अभिप्राय, "नुसत्या खिडक्याच खिडक्या. भिंती कुठेत?"

मी हात टेकायच्या बेतात होते. पण मास्तरकी अशी सहज सुटत नाही. मला वाटलं, चूक माझीच आहे. हा माणूस जन्मभर माणसांशी बोलून शिकलाय. ह्याला कागद काय कामाचा? ह्याला वर्ग लागेल. फळा लागेल, शेजारी माणूस लागेल, गप्पा लागतील. इतके दिवस हे कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःलाच दोन शब्द सुनावले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाबांना घेऊन शिकवणीला गेले. पहिला तास बघायला मिळत होता. पटला तर त्याच दिवशी नाव घालायचं.

शिकवणी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद. बाबा जिना चढताना मध्येच थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "रंग चांगला लावलाय." मीही थांबले. दम मलाही लागला होता.

काउंटरवरच्या बाईंनी माझ्यापुढे अर्ज सरकवला. "विद्यार्थ्याशी नातं?"

"मुलगी," मी म्हणाले.

"विद्यार्थिनी तुमची मुलगी आहे का? कुठे आहे?"

"नाही हो. विद्यार्थी माझे वडील आहेत. मी मुलगी."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान झुकवून नमस्कार केला आणि म्हणाले, "अभ्यासात जरा कच्चा आहे मी. घरचे त्रासलेत." बाई मनापासून हसल्या. बाबांचं हे असंच आहे. कुठेही जा, दोन मिनिटांत समोरच्याला वाटतं की ह्या माणसाकडून आपण घर घ्यावं.

मी बाहेर बाकावर बसले. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. बाबा शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. बाकी सगळी कोवळी पोरं, एकदोघं मध्यम वयाची. शिकवणारी बाई तरतरीत होती. तिनं फळ्यावर एका घराचा आराखडा काढला आणि काहीतरी विचारलं. कुणीच बोलेना. मग बाबांनी हात वर केला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण सगळा वर्ग मागे वळून त्यांच्याकडे बघत होता, आणि ती बाई खडू हातात तसाच धरून ऐकत होती. मग सगळे हसले. हसणं चांगलं होतं, त्यांना हसण्यातलं नव्हतं. पुढच्या बाकावरचा एक मुलगा तर त्यांच्याकडे तोंड करून उलटाच बसला.

मला काय वाटलं सांगू? एखादं मागच्या बाकावरचं पोर पहिल्यांदा नकाशात बरोबर ठिकाणी बोट ठेवतं तेव्हा वाटतं तसं. सापडलं एकदाचं, असं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी पाठ टेकून बसले. आईला काय सांगायचं, भावाला काय लिहायचं, सगळं मनात जुळवलं. अर्जावर त्यांचं नाव, पत्ता, जन्मतारीख मीच लिहून टाकली. सही तेवढी बाकी ठेवली.

तास संपला. शिकवणारी बाई स्वतः दारापर्यंत आली. "काकांना नक्की पाठवा हं," ती मला म्हणाली. "मुलांना फार उपयोग होईल त्यांचा." मी अर्ज आणि पेन बाबांच्या पुढे धरलं.

बाबांनी पेन घेतलं. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "वर्ग छान आहे. बाईही हुशार आहेत." आणि पेन परत माझ्या हातात दिलं. "पण जिना फार आहे गं."

माझा तोल गेला. त्या काउंटरपाशी, त्या बाईंच्या आणि निघालेल्या पोरांच्या देखत मी ओरडले. "मग काय हवंय तुम्हाला? एकदा सांगून टाका. मोठं नको, छोटं नको, फोनवरचं नको, वर्ग नको. मी नोकरी करते, बाबा. माझे पेपर तपासायचे राहिलेत. घरात स्वयंपाक काय करायचा ते मला सुचत नाही. मी माझ्या पोरांसाठी जेवढं केलं नाही तेवढं तुमच्या पुस्तकांसाठी केलंय. काय हवंय?"

पोरं चपला घालायच्या निमित्तानं खाली बघत राहिली. काउंटरवरच्या बाईंनी फोन उचलला. तो वाजलाही नव्हता. बाबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, बाहेर लाकडी बाक. बाबांनी दोन चहा सांगितले, माझ्यात साखर जास्त. मला ओरडल्याची लाज वाटत होती आणि रागही अजून उतरला नव्हता.

"तुला धंद्यातली एक गोष्ट सांगतो, मास्तरीणबाई," ते म्हणाले. मी लहान असताना शाळा-शाळा खेळायचे तेव्हापासून ते मला हेच म्हणतात. "काही गिऱ्हाइकं असतात, दाखवशील त्या जागेत खोट काढतात. इथे उजेड नाही, तिथे पाणी नाही, जिना फार. माझ्या बरोबरीचे लोक त्यांच्यावर चिडतात. मी कधी चिडलो नाही. त्या माणसाला जागा नकोच असते गं. त्याला घरच्यांनी पाठवलेलं असतं. बिचारा नाही म्हणू शकत नाही, म्हणून भिंतीत खोट काढतो."

मी तशी हुशार म्हणवते, पण मला वेळ लागला.

"म्हणजे?"

"म्हणजे मला परवाना नकोय."

"मग सांगायचं ना! इतके दिवस..."

"कुणाला सांगू?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुझी आई म्हणते, घरात बसलात तर मी जाते. तुझा भाऊ तिकडे चारचौघांत छाती फुगवून सांगतो, आमचे बाबा अजून काम करतात. आणि तू. तू आलीस की तुझ्या हातात पुस्तक. मी तोंड उघडायच्या आत तू दुसरं आणायला गेलेली."

मला खरंच राग आला. एवढी वणवण फुकट गेली म्हणून आला. पण ते पुढे बोलत होते आणि मला तसं बोलताना त्यांना कधी ऐकल्याचं आठवेना.

"मला कंटाळा आलाय गं. आजारी नाही, काही नाही. नुसता कंटाळा. पूर्वी बंद घराचं कुलूप काढून आत शिरलो, की वाटायचं, बघू या, कोण राहील इथे. स्वयंपाकघरात उभा राहिलो की बाईच दिसायची तिथली. आता आत शिरतो आणि वाटतं, कधी एकदा बाहेर पडतो. खिडकी उघडून म्हणायचं असतं, वारा बघा केवढा येतो. इतक्या वेळा म्हटलंय ते, की आता माझं मलाच ऐकवत नाही. गुडघा म्हणतो बस, आणि समोरचा म्हणतो, काका, वरचा मजला दाखवा ना. मी दाखवतो. हसतो. पण मनातून मी केव्हाच खाली येऊन बसलेला असतो."

"पण आत्ता वर्गात तुम्ही..." मी म्हणाले. "सगळे कसे ऐकत होते तुमचं."

"बोलायला येतंच की मला," बाबा म्हणाले. "बोलायला आल्यानं कंटाळा जातो का?"

मी रोज सात तासिका घेते.

आणि मग तिथे बाकावर बसल्या बसल्या मला माझंच कळलं, आणि ते कळायला नको होतं. त्यांच्या परवान्याची मला काहीच पडली नव्हती. आईला दिवसभर घर मोकळं हवं होतं, भावाला सांगायला काहीतरी हवं होतं, आणि मला हवं होतं की बाबांनी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडावं. ते दुकानात आहेत म्हणजे ते म्हातारे नाहीत, एवढंच मी धरून बसले होते. त्यासाठी मी त्यांच्या हातात पुस्तकावर पुस्तक देत होते. कुठल्याच पुस्तकात काही वाईट नव्हतं.

"मग काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. उठायचं, बसायचं. तुझ्या आईच्या बरण्यांना हात लावायचा नाही, हे मी तिला लिहून देतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं हसरं नाही, एखाद्या बाईला ओल दाखवताना बघतील तसंही नाही. जरा खालून, अंदाज घेत. "तुला चालेल ना?"

आयुष्यभर हे मी त्यांना विचारत आले. सहलीला गेले तर चालेल का. वेगळी शाखा घेतली तर चालेल का. ह्याच्याशी लग्न केलं तर चालेल का. ते नेहमी थोडा वेळ घ्यायचे, मग म्हणायचे, चालेल. त्या थोड्या वेळात ते काय काय तोलत असतील, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. आता ते थांबले होते, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, आणि उत्तर माझ्याकडे होतं. मी हो म्हटलं, की ते त्या घटकेपासून म्हातारे होणार होते. आणि म्हणणारी मी होते.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, कुणाचं तरी सगळं घर लादलेला. एरवी बाबांनी सवयीनं त्याच्याकडे पाहिलं असतं, आत्ता पाहिलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते.

"चालेल, बाबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि एवढा लांब श्वास सोडला, की मला ऐकवला नाही.

मी चहाचे पैसे दिले. वळून बघते तर ते अजून बसलेले. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे हात केला, उठवायला. असा हात त्यांनी माझ्यापुढे कधीच केला नव्हता. मी तो धरला आणि ओढलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते हलके लागले.